हक्क कुठे तपासलाय?

काही माणसांचं ऋण पैशात मोजता येत नाही आणि फेडूनही संपत नाही. नवी मुंबईतल्या माझ्या पहिल्या नोकरीत टीमच्या प्रमुख असलेल्या मॅडमचं ऋण माझ्यावर तसं आहे.

आमचं काम व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं. एकाच सर्व्हरवर अनेक मशीन्स चालतात; एखाद्यावर बँकेचे हिशेब, एखाद्यावर इस्पितळाच्या नोंदी. व्यवस्थापनाचा ताबा ज्याच्या हाती गेला, त्याच्या हाती ती सगळीच गेली. मॅडमना याची सतत जाणीव असे. कोडचा रिव्ह्यू सुरू झाला की त्या शांतपणे विचारायच्या, "हे मागणारा कोण, आणि त्याचा हक्क कुठे तपासलाय?" "लॉगिनच्या वेळी तपासलाय, मॅडम," असं कोणी म्हटलं, तर म्हणायच्या, "लॉगिनने माणूस कोण ते कळलं. त्याला हे मशीन बंद करायची मुभा आहे का, ते कळलं का?"

त्यांनी मला जेरोम सॉल्झर आणि मायकेल श्रोडर यांच्या १९७५ सालच्या निबंधाची झेरॉक्स दिली होती. "जुना आहे म्हणून बाजूला ठेवू नकोस," एवढंच म्हणाल्या. संगणकातली माहिती कशी राखावी, याची आठ तत्त्वं त्यात आहेत. त्यांतल्या दोन तत्त्वांखाली मॅडमनी पेन्सिलीने रेघ ओढली होती. पहिलं: प्रत्येक मागणी, प्रत्येक वेळी तपासा. दुसरं: परवानगी स्पष्टपणे दिलेली नसेल, तर उत्तर 'नाही' हेच असू द्या.

एकदा रिलीज तोंडावर आलं असताना त्यांनी ते अडवलं. स्नॅपशॉट पुसायचं बटण साध्या वापरकर्त्याला दिसत नव्हतं, पण थेट एपीआयला हाक दिली तर सर्व्हर काहीही न विचारता स्नॅपशॉट पुसत होता. दारावर पडदा टाकला म्हणजे कुलूप लागत नाही, असं त्या म्हणाल्या. वरिष्ठांची बोलणी त्यांनी एकट्याने ऐकून घेतली. ज्या मुलाचा तो कोड होता, त्याचं नाव बाहेर येऊ दिलं नाही. दुरुस्ती होईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिल्या.

त्या दोन रेघांचं मोल मला पुढे पुन्हा पुन्हा कळलं. एप्रिल २०२०मध्ये व्हीएमवेअरच्या व्हीसेंटरमधला दोष जाहीर झाला. त्याची तीव्रता १०पैकी १० होती. जुन्या आवृत्तीवरून ६.७वर आलेल्या यंत्रणांमध्ये डिरेक्टरी सेवेची हक्कतपासणी नीट होत नव्हती, थेट ६.७ बसवलेल्या यंत्रणा सुरक्षित होत्या. अपग्रेडबरोबर जुना ढिलेपणाही पुढे आला होता.

जुलै २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने ईएसएक्सआय हायपरव्हायजरमधली आणखी एक गोष्ट उघड केली. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीशी जोडलेला सर्व्हर 'ईएसएक्स अ‍ॅडमिन्स' या नावाच्या गटातल्या कोणालाही पूर्ण अधिकार देत होता. असा गट डिरेक्टरीत मुळात नसतो. पण गट बनवायची मुभा ज्याच्या हाती लागली, त्याने त्या नावाचा गट बनवून स्वतःला त्यात घातलं की काम झालं. सर्व्हर गटाचा खरा ओळखक्रमांक पाहत नव्हता, नुसतं नाव पाहत होता. खंडणीखोर टोळ्यांनी याच वाटेने शिरून अकिरा आणि ब्लॅक बास्टा ही रॅन्समवेअर पसरवली. हायपरव्हायजरच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या की त्यावरची सगळी मशीन्स एका झटक्यात आडवी होतात.

ते वाचून मी मॅडमना फोन केला. त्या आता निवृत्त आहेत, सांगलीला असतात. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे नाव सांगितलं आणि आत घेतलं. हक्क कोणी तपासलाच नाही." मी आभार मानायला लागलो, तेव्हा मला थांबवून म्हणाल्या, "आभार राहू देत रे. तुझ्या हाताखालची मुलं तुझा कोड अडवतात का, ते सांग."

अडवतात. परवाच एका नव्या मुलीने माझा बदल परत पाठवला, कारण मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवताना मागणाऱ्याचा हक्क फक्त पहिल्या होस्टवर तपासला जात होता. तिचं बरोबर होतं, आणि पद न पाहता ती बोलू शकली हे मला फार मोलाचं वाटलं. मॅडमनी आम्हाला दिलेला हा निर्भयपणा तिच्यापर्यंत पोहोचला, एवढीच माझ्या ऋणाची परतफेड.