जाळणं वेगळं, बंदी वेगळी

दोस्तांनो, आधी सरळ मांडतो. मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

मनुस्मृती जाळली पाहिजे. मनुस्मृतीवर सरकारनं बंदी घालता कामा नये. दोन्ही वाक्यं माझीच आहेत.

२५ डिसेंबर १९२७. महाड. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यालो म्हणून ज्यांची डोकी फुटली होती, तीच माणसं पुन्हा जमली. परिषदेला जागा कुणी देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. मनुस्मृती जाळायचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. माणूस जन्मानं ब्राह्मण. पोथी जळाली. आता काडी लावणारा हात कुणाचा होता ते बघा. कलेक्टरचा नव्हता. गव्हर्नरचा नव्हता. ज्यांच्या पाठीवर त्या पोथीचे वळ होते त्यांचाच होता.

जाळणं म्हणजे बोलणं. हजारो माणसांनी एका सुरात सांगणं, की आम्ही हे मानत नाही. त्या रात्री एक प्रत जळाली, बाकीच्या दुकानात तशाच राहिल्या. ज्याला वाचायची होती त्यानं वाचली. बाबासाहेबांनी तर ती जन्मभर वाचली. 'शूद्र पूर्वी कोण होते' १९४६ चं, 'अस्पृश्य मूळचे कोण' १९४८ चं. दोन्ही उघडून बघा, मनू पानापानाला साक्षीदार म्हणून उभा केलाय. जाळून झाल्यावर वीस वर्षांनीही.

बंदी म्हणजे गप्प करणं. हा धंदा या देशात कुणी कुणावर केला हे आपल्याला दुसऱ्यानं सांगायला नको. ऐकू नको, वाचू नको, लिहू नको. पहिली बंदी आपल्याच कानावर आणि जिभेवर बसली. तुकोबाची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली असं लोकपरंपरा सांगते, ती काय जाळायचा ठराव करून? नाही. शूद्रानं हे लिहायचं नाही, एवढाच हुकूम.

आता हे सगळं आत्ताच का काढलं? तर आमच्या वस्तीतल्या मंडळानं ठरवलं की यंदा दहनाबरोबर तहसीलदाराला निवेदनपण द्यायचं. मनुस्मृतीसह सगळ्या वादग्रस्त धर्मग्रंथांवर शासनानं बंदी आणावी. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर सायडर. धागा तुटला की सांधा मारायचा, बॉबिन भरलं की पुढं. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काय ते विहारातल्या कपाटातलं. पण कविता करतो म्हणून निवेदन माझ्या गळ्यात आलं.

"तू कवी हाईस, तूच लिव."

"दहनाचं लिवतो दादा. बंदीचं न्हाई लिवणार."

"का रं? भटाळलास काय?"

हा शब्द लागतो. ज्याला कधी म्हटलं असेल त्याला ठाऊक आहे. रात्रपाळीच्या आधी गेटवर उभं राहून त्याचं उत्तर देता येईना, म्हणून इथं देतोय.

पहिलं. बंदीचं हत्यार आपण सरकारच्या हातात द्यायचं म्हणतोय. पण ते हत्यार त्याच्या हातात आहेच, आणि आजवर कुणाच्या मानेवर चाललं ते बघा. ज्या १९२७ साली महाडला पोथी जळाली, त्याच साली इंग्रजांनी दंड संहितेत कलम २९५अ घातलं. धार्मिक भावना दुखावण्याचं. लाहोरच्या एका पुस्तकाच्या खटल्यावरून. इंग्रज गेले, कलम राहिलं. १ जुलै २०२४ पासून त्याचं नाव भारतीय न्याय संहिता, कलम २९९. पुस्तक जप्त करायचं कलम आधी ९९अ होतं, मग ९५ झालं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ९८ आहे. नंबर बदलतात. शिपाई तोच दारात येतो.

पेरियारांच्या रामायणावरच्या पुस्तकाचं हिंदी भाषांतर ललई सिंह यादव यांनी छापलं, 'सच्ची रामायण'. ८ डिसेंबर १९६९ ला उत्तर प्रदेश सरकारनं ते जप्त केलं. ललई सिंह कोर्टात गेले. १९७१ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं जप्ती रद्द केली. सरकार गप्प बसलं नाही, दिल्लीला गेलं. १६ सप्टेंबर १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील फेटाळलं. सात वर्षं. एक पुस्तक वाचू द्या म्हणून सात वर्षं. आपल्यातल्या किती जणांकडं सात वर्षं कोर्टाची पायरी चढायची ताकद आहे?

मग आपल्या घरातलंच. १९८७ साली महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. बाबासाहेब जाऊन तीस वर्षं झाल्यावर ते हस्तलिखित छापखान्यात गेलं. राम आणि कृष्णावरचं परिशिष्ट काढून टाका म्हणून ओरड सुरू झाली. का? हिंदूंच्या भावना दुखावतात. शासन वाकायला लागलं. तेव्हा ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत आपली माणसं रस्त्यावर उतरली. गावागावांतून भाकरी बांधून. परिशिष्ट राहिलं, खाली एक टीप आली की या मतांशी शासन सहमत नाही. नसू दे. पान तर वाचलं.

आता मला सांगा. १९८८ ला आपण म्हणालो, भावना दुखावल्या म्हणून पान फाडायचं नाही. आज आपणच म्हणायचं, आमच्या भावना दुखावतात, पुस्तक उचला. मग उद्या कुठल्या तोंडानं भांडणार? वादग्रस्त धर्मग्रंथांची यादी मंत्रालयात बसून होईल तेव्हा तिच्यात पहिलं नाव मनुस्मृतीचं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं २०२२ आठवावं. दिल्लीत धम्मदीक्षेच्या कार्यक्रमात बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या. तिथं हजर होता म्हणून एवढं काहूर उठलं की त्या मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. आपल्या प्रतिज्ञाच त्यांच्या लेखी वादग्रस्त. यादी ते करणार आहेत, आपण नाही.

माझंही सांगतो, लहानसं आहे. आजी गावच्या देवीच्या पायऱ्या झाडायची, पण वरची पायरी तिला नव्हती. त्यावर मी कविता केली. चार कवितांच्या चाळीस झेरॉक्स प्रती काढल्या, पिना मारल्या. कुणीतरी तक्रार केली. पाळी संपवून थेट ठाण्यात जावं लागलं. साहेब म्हणाले, देवीचं नाव कशाला घातलंस? मी म्हटलं, आजी तिचंच नाव घेत झाडायची. संध्याकाळपर्यंत बसवलं. होत्या तेवढ्या प्रती ठेवून घेतल्या, पावती दिली नाही. झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी खाडा पडला. मोठ्या लेखकावर बंदी आली तर त्याच्यावर अग्रलेख येतो. आपली पानं टेबलाच्या खणात जातात, आणि बंदी होती हेही कुणाला कळत नाही.

दुसरं. वाचायचं कसं? मी मनुस्मृतीचं मराठी भाषांतर जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून घेतलं, ६० रुपयांना. दोन महिने सुट्टीच्या दिवशी वाचलं. आठव्या अध्यायात सापडलं, शूद्रानं ब्राह्मणाला धर्म सांगायचा माज केला तर त्याच्या तोंडात आणि कानात उकळतं तेल. दहाव्यात सापडलं, चांडाळानं गावाबाहेर राहावं, प्रेतावरची वस्त्रं नेसावी, फुटक्या भांड्यात खावं. शूद्रानं पैसा साठवू नये हेही तिथंच. आणि स्टेजवर आपले वक्ते कायम सांगतात ते, वेद ऐकला तर कानात शिशाचा रस? ते मनूत नाही. ते गौतमाच्या धर्मसूत्रात आहे, बाराव्या अध्यायात. समोरचा पोथीवाला एवढ्यावरच हसतो आणि आपली सगळी बाजू खोटी पाडतो. तेल आणि शिसं, दोन्ही भाजतंच. पण कोर्टात उभं राहायचं तर कुणी कुठं भाजलं ते बरोबर सांगता आलं पाहिजे. पुस्तक सरकारच्या गोदामात गेलं तर पुरावाही गोदामात गेला.

तिसरं, आणि माझ्या मते खरं. मनू कागदात नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकामाच्या खात्यात घेत नव्हते. का? धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढायला लागायचा. महाराची थुंकी लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? साच्यावर पगार जास्त. तो आपल्याला नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही गोष्ट पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडली. हा नियम कुठल्या पुस्तकात छापला होता? कुठल्याच नाही. मग सरकार काय जप्त करणार होतं, धोटा?

जातिभेद मोडायचा तर शास्त्रांचं प्रामाण्य मोडा, हे बाबासाहेबांनी १९३६ लाच लिहून ठेवलं. शास्त्र वाचलं तरी मानायचं नाही, हे त्यात आलं. आणि हातात लेखणी आल्यावर त्यांनी केलं काय? संविधानात मनुस्मृतीवर बंदीचं कलम घातलं नाही. कलम १७ घातलं, अस्पृश्यता नष्ट. कलम १३ घातलं, मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा रद्द, आणि कायद्याचा जोर असलेली रूढीसुद्धा त्यात मोजली. हिंदू कोड बिलासाठी झटले, ते अडवलं म्हणून १९५१ ला राजीनामा फेकला. पुढं ते तुकड्यातुकड्यानं झालं. १९५५ चा विवाह कायदा, १९५६ चा वारसा कायदा. दोन्हींचं कलम ४ काढून वाचा. या कायद्यात ज्याची तरतूद केली आहे, त्याबाबत हिंदू धर्मशास्त्रातलं जुनं कुठलंही वचन, कुठलीही रूढी चालणार नाही. पुस्तकाची एक प्रत जप्त न करता त्याचा हुकूम काढून घेतला. बंदीपेक्षा हे मोठं काम आहे.

आमच्या वस्तीतली एक अक्का कांड्या भरते. तिनं मला अडवलं. "तुझं कायद्याचं ऱ्हाऊ दे. ज्या पुस्तकात बाईला दोरीनं मारा म्हणून लिवलंय, ते हळदकुंकू लावून का इकत्यात?" तिचा राग खरा आहे, आणि माझ्या सगळ्या कलमांपेक्षा जड आहे. तिला मी म्हणालो, "अक्का, इकणारा इकू दे. हळदकुंकू सरकारनं लावू ने, तेवढं आपण बघायचं." तिला पटलं का, माहीत नाही. पण फरक तिथंच आहे. १९८९ ला जयपूरच्या उच्च न्यायालयाच्या आवारात मनूचा पुतळा बसवला. ते दुकान नाही, ते न्यायाचं घर आहे. २०२४ ला आपल्या राज्यात शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतला श्लोक घातला. ते गाड्यावरचं पुस्तक नाही, ते पोराच्या दप्तरातलं आहे. तिथं लढायचं, घसा फुटेस्तोवर. शिकवायचं तर चिरफाड करून शिकवा, आरती ओवाळून नको. आणि पोथी दाखवून कुणी हात उगारला तर त्या हातासाठी १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. तो नीट लावून घेणं हे बंदीच्या निवेदनापेक्षा कष्टाचं काम, म्हणून आपण ते टाळतो.

आणि हे फक्त मनूपुरतं नाही. १९८५ ला कलकत्त्यात कुराणावर बंदी घाला म्हणून कुणी उच्च न्यायालयात गेलं होतं. कोर्टानं अर्ज फेटाळला, बरं केलं. १९८८ च्या ऑक्टोबरात रश्दींच्या कादंबरीची आयात बंद केली. २०२४ ला दिल्लीच्या उच्च न्यायालयात विचारलं, तो हुकूम दाखवा. सरकारला तो कागदच सापडला नाही. छत्तीस वर्षं एक बंदी चालली आणि तिचा कागद कुणाकडं नाही. असल्या कारभाराला आपण आणखी अधिकार द्यायचे?

बंदी न घालताही पुस्तक मारता येतं, ती रीत तर आपल्याच बाबतीत वापरली. छापायचंच नाही. बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडली, कागद घेऊन पडून राहिला, तेव्हा २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्यावर आपण किती निवेदनं दिली? मंडळातल्या पोरांना मी हेच विचारलं. तहसीलदाराला काही द्यायचंच असेल तर हे द्या, की सगळे खंड मराठीत, गिरणीकामगाराला परवडतील अशा किमतीत, तालुक्याच्या वाचनालयात ठेवा. त्या कागदावर पहिली सही माझी.

आणि २५ डिसेंबरला पोथी जळेलच. फक्त त्याआधीचे चार रविवार विहारात बसायचं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आठवा, नववा आणि दहावा अध्याय. ज्यांची दुसरी पाळी असेल त्यांनी सकाळी दहाला यावं, रात्रपाळीवाल्यांसाठी पुन्हा संध्याकाळी पाचला. अक्का येणार आहे, तिनं नवव्या अध्यायाला बसायचं कबूल केलंय. पुस्तक माझं आहे ते आणतो.