पाच वाजता आलेल्यांची हजेरी

देवाच्या राज्याचे दाखले येशूने बरेच सांगितले. त्यांतला मोहरीच्या दाण्याचा सगळ्यांना आवडतो, खमिराचाही आवडतो. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा मात्र आमच्या मंडळीत कुणाला फारसा पचत नाही, आणि आम्ही पडलो नाशिककर, द्राक्षांच्या मुलखातले. मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात तो येतो. मळ्याचा मालक भल्या पहाटे बाहेर पडतो, दिवसाची मजुरी एक दिनार ठरवतो आणि माणसं कामाला लावतो. पुन्हा नवाला जातो, बाराला, तीनला. पाच वाजता, दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, आणखी काही जण रिकामे उभे दिसतात. त्यांनाही मळ्यात धाडतो. संध्याकाळी हिशेब होतो आणि सगळ्यांच्या हातावर सारखेच पैसे पडतात. दिवसभर उन्हात राबलेले चिडतात. चिडणारच.

पाळक यावर बोलतात तेव्हा अर्थ बहुधा ठरलेला असतो: जन्मभर भक्ती केलेला आणि मरणाच्या दारात पश्चात्ताप केलेला, दोघांना तारण सारखंच. यात चूक काहीच नाही. पण एवढाच अर्थ धरला की मजूर नाहीसे होतात, राज्य मेल्यानंतरचं होतं आणि आज आपण मोकळे सुटतो. मला हा दाखला पोटाचा वाटतो. एक दिनार ही त्या काळी एका दिवसाची मजुरी. हातावर पोट असलेल्या घराला तेवढ्यावर त्या दिवशी जेवायला मिळायचं. त्याचा बारावा हिस्सा घरी नेणाऱ्याच्या पोरांनी काय खायचं? मालकाने तास बाजूला ठेवले आणि घरी वाट बघणारी तोंडं धरून हिशेब केला.

आमच्या भागातल्या मजूर नाक्यावर सकाळी आठला पाय ठेवायला जागा नसते. गवंड्यांच्या पिशव्यांतून थापी आणि ओळंबा डोकावत असतो, रंगारी ब्रश सुतळीने बांधून आलेले, बायकांच्या हातात डबा आणि पाण्याची बाटली. टेम्पो थांबला की सगळे त्याच्याभोवती. ठेकेदार खाली उतरतही नाही. बोट दाखवतो, तू, तू, आणि तो मागचा. दंड बघतो, वय बघतो. साडेदहापर्यंत गर्दी ओसरते. मग जे उरतात त्यांच्याकडे एकदा नीट बघावं. साठी उलटलेला बिगारी, एका हाताने अधू असलेला, कडेवर पोर घेतलेली बाई. दाखल्यातला मालक पाचच्या मंडळींना विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. या उत्तरात आळसाचा मागमूस नाही. आळशी माणूस पाचपर्यंत नाक्यावर थांबत नाही, तो घरी जाऊन झोपतो.

हा दाखला पोटाचा आहे हे आमच्या आधी इतरांनी ओळखलं होतं. १८६० साली जॉन रस्किनने अर्थशास्त्रावर निबंध लिहिले आणि त्यांना नाव दिलं 'अन्टू धिस लास्ट'. ते याच दाखल्यातून उचललेलं. १९०४ मध्ये गांधीजी जोहान्सबर्गहून डर्बनला निघाले तेव्हा त्यांचे मित्र पोलक यांनी ते पुस्तक त्यांच्या हाती दिलं. त्या रात्री गांधीजींना झोप लागली नाही. मग फिनिक्सची वस्ती उभी राहिली, आणि तिथे ठरलं की रंग, देश काही न बघता प्रत्येकाला महिना तीन पौंड. १९०८ साली त्यांनी त्या पुस्तकाचा सारांश गुजरातीत दिला, 'सर्वोदय' या नावाने. विनोबांच्या भूदानापर्यंत गेलेल्या या वाटेच्या उगमाशी पाच वाजता आलेले ते मजूर उभे आहेत, हे आमच्या कित्येक ख्रिस्ती घरांत ठाऊक नसतं. सर्वोदयवाल्यांनाही नसावं.

आमच्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. मिशनची नोकरी सोडून. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे बसायला जागा. आधी आलेल्यांना ते रुचलं नाही, यात नवल नाही.

आधी आल्याचा तोरा आमच्यातही भरपूर. कुणाचं घराणं नाशिकमधल्या शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं, कुणाच्या आजोबांनी देवळाला बाक दिलेला. नवं कुटुंब येऊन त्या बाकावर बसलं की माना वळतात. गंमत अशी की शरणपूरच्या मिशनने सुरुवातीला आसरा दिला तो अनाथ पोरांना, आणि गुलामीतून सोडवून आणलेल्या आफ्रिकी मुलांना. आफ्रिकेचा संशोधक लिव्हिंगस्टन याचं शव घेऊन इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. ज्यांना बाजारात कुणी विचारलं नाही, अशांची ती वस्ती. आणि तिची वारसदार म्हणवणारी आम्ही मंडळी बाकावरून भांडतो.

बायबल वर्गात निफाडकडचे एक बागाईतदार येतात. दाखला वाचून झाल्यावर ते म्हणाले, "असा हिशेब ठेवला तर उद्या सगळे पाचलाच येतील." एका आजींनी ताडकन उत्तर दिलं, "तू राहिलायस का कधी नाक्यावर पाचपर्यंत? जो राहिला, तो दुसऱ्या दिवशी सहालाच येतो." ते गप्प बसले नाहीत. अवकाळीने घड तडकले, माल परत आला, त्या वर्षी मालकाच्या पोटाचं काय, असं त्यांनी विचारलं, आणि त्यावर आजींकडे उत्तर नव्हतं. दाखल्यातल्या मालकाला कर्जाचे हप्ते नव्हते, हे मलाही मान्य करावं लागलं.

छाटणीच्या दिवसांत मी त्या बागाईतदारांच्या मळ्यावर गेले होते. दुपारी दोनला पाऊस कोसळला आणि काम बंद पडलं. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायका शेडमध्ये टेकल्या, अर्धीच हजेरी मिळणार हे धरून. मुकादम तसंच लिहायला लागला होता. बागाईतदारांनी वही ओढून घेतली, पूर्ण लिही म्हणाले, आणि माझ्याकडे बघून जरा चिडूनच पुढे म्हणाले, "वर्गात सांगू नका."