अण्णा, हिशेब जागेवर आहेत

तीर्थरूप अण्णांस,


काल फोनवर तुमचा आवाज पडलेला वाटला. कॉम्प्युटर सुरू केला की पासवर्डची चौकट येते, डायरीतले सगळे शब्द घालून झाले, तेव्हा ताईच्या लग्नाचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब गेलेच, असं तुम्ही धरून बसलात. वर ‘आता वय झालं’ म्हणालात.

अण्णा, काहीही गेलेलं नाही. तुम्ही विसरलात तो बायोसचा पासवर्ड, म्हणजे विंडोजच्याही आधी मदरबोर्डवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा. फोटो नि हिशेब हार्ड डिस्कवर आहेत. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप नसेल, तर ती दुसऱ्या मशीनला जोडूनही सगळं वाचता येईल. तुम्ही तिजोरी समजून लावलीत ती नुसती दाराची कडी आहे.

ती काढायची सोय बनवणाऱ्यांनीच ठेवली आहे. १९८४च्या आयबीएम पीसी एटीमध्ये घड्याळाची एक चिप होती. तिच्यात ६४ बाइटची जागा. १४ घड्याळाला, उरलेल्या ५०मध्ये मशीनच्या सेटिंग. बंद मशीनमध्येही हे टिकावं म्हणून तिला बॅटरी जोडलेली. बॅटरी काढली की चिप सगळं विसरायची. पुढे अशाच जागेत पासवर्डही राहू लागला. नंतर रचना बदलत गेली, पण तुमच्यासारख्या घरगुती डेस्कटॉपवर बहुधा हाच उपाय चालतो.

आधी मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली दिसते का ते पाहा. असेल तर कागदावर उतरवून घ्या. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं. मग वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज जाईल. कव्हर काढल्यावर आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगातल्या स्थिर विजेने चिप बिघडू शकते. बोर्डवर नाण्यासारखा गोल सेल दिसेल: सीआर२०३२, ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा. कडेची पत्ती हलकेच सरकवली की तो उचलला जातो. दहा मिनिटांनी, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून परत बसवा. मशीन जुनं आहे, तेव्हा नवाच घातलात तर उत्तम.

तरीही पासवर्ड मागितला, तर सेलच्या आसपास ‘क्लिअर सीमॉस’ (सीमॉस म्हणजे तीच सेटिंगची जागा) असं किंवा त्याचं लघुरूप छापलेल्या पिना शोधा. तीन असतील तर प्लॅस्टिकची टोपी सहसा पहिल्या-दुसऱ्या पिनेवर असते. ती काही सेकंद दुसऱ्या-तिसऱ्या पिनेवर ठेवून पूर्ववत करायची. वायर तोवर बाहेरच. बोर्डाचं पुस्तक कपाटात असेल, त्यात चित्र आहे.

मग मशीन कुरकुरेल, सेटिंग हरवल्याचं सांगून एखादी की दाबायला लावेल. तारीख लगेच दुरुस्त करा. जुन्या तारखेमुळे बँकेची साइट असुरक्षित असल्याचा इशारा ब्राउझर देतो आणि तुम्ही उगाच घाबराल. विंडोज सुरूच झालं नाही, तर डिस्कचा ‘साटा मोड’ बदललेला असू शकतो. तेव्हा मला फोन करा.

शेजारच्या काकांच्या लॅपटॉपवर मात्र हा प्रयोग नको. लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड बहुतेकदा वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. सेल काढून जात नाही. त्यांनी बिल घेऊन सर्व्हिस सेंटर गाठावं.

राहिलं वयाचं. क्लिअर सीमॉसची पिन काही म्हाताऱ्यांसाठी बसवलेली नाही. पासवर्ड तरुणही विसरतात, म्हणून ती आहे. मात्र ज्याच्या हाती पेटी, त्याला ती उघडता येते. त्यामुळे हा पासवर्ड नातवंडांना अडवेल, चोराला नाही. हिशेब जपायचे असतील तर ते एन्क्रिप्ट करा, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि किल्लीचा कागद मुदत ठेवीच्या पावत्यांबरोबर. बायोसला पुन्हा पासवर्ड घालूच नका.

तुमची,
सुमी