जपान : दारावरचा पडदा आणि पेढीचा वारस

आशिया खंडाच्या पूर्व कडेला धनुष्याकृती पसरलेला जपान हा बेटांचा देश. होन्शू, होक्काइदो, क्यूशू आणि शिकोकू ही चार बेटे मोठी. लहानसहान धरून २०२३ साली झालेल्या फेरगणनेत बेटांची संख्या १४,१२५ भरली. क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सव्वापट. त्यातील दोन तृतीयांश भाग वनाच्छादित, बहुतांशी डोंगराळ. सपाट जमीन थोडी, खनिज तेल जवळजवळ नाहीच आणि भूकंप तर पाचवीला पुजलेले. अशा देशाची मोठी ठेव म्हणजे त्याची पत, आणि ती पाहावी पश्चिमेकडील कोबे, ओसाका व क्योटो या तीन शेजारच्या शहरांत.

कोबे बंदर १८६८ साली परकीय व्यापारास खुले झाले. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय कापड व रेशीम व्यापारी कोबेस आले. मागाहून मोत्यांच्या व्यापारासाठी जैन कुटुंबे स्थिरावली. मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ साली शिंपल्यात मोती वाढविण्याचा प्रयोग यशस्वी केला आणि त्या मोत्यांची निवड-प्रतवारी करण्याचे केंद्र कोबे बनले. शहरातील कितानो भागात १९८५ साली उभारलेले पांढऱ्या संगमरवराचे महावीरस्वामींचे मंदिर आहे. प्रवाशाने आहाराविषयी मात्र गाफील राहू नये. वरवर शाकाहारी दिसणाऱ्या सारातही वाळविलेल्या मासळीचा अर्क बहुधा असतोच. बौद्ध मठांतील ‘शोजिन’ भोजनात मांस-मासळी नसते, कांदा-लसूणही वर्ज्य. परंतु कंदमुळे चालतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

कोबेहून आगगाडीने अर्ध्या तासात ओसाका येते. येथील दोजिमाच्या तांदूळबाजारास १७३० साली शासनमान्यता मिळाली. गोदामात तांदूळ असो वा नसो, पुढील मुदतीच्या भावाने हिशेबवह्यांवर तेथे सौदे होत. जगातील पहिला सुसंघटित वायदेबाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो.

याच ओसाकात कोंगो गुमी ही मंदिरे बांधणारी पेढी. परंपरेनुसार तिची स्थापना इ. स. ५७८ ची. सुमारे चाळीस पिढ्या एका घराण्याने ती चालविली. गेल्या शतकात ती बुडण्याच्या बेतात आली, तेव्हा एका विधवेने कारभार हाती घेऊन ती तारली. पुढे १९८० च्या दशकातील जमिनींच्या तेजीत काढलेले कर्ज भोवले आणि २००६ साली ती एका मोठ्या बांधकाम समूहाच्या स्वाधीन झाली. चौदाशे वर्षांची पुण्याई, परंतु व्याज कोणाच्या वयाकडे पाहत नाही.

क्योटोच्या गल्ल्यांत जुन्या दुकानांच्या दारावर घराण्याचे चिन्ह असलेला कापडी पडदा दिसतो. त्यास ‘नोरेन’ म्हणतात. दुकान उघडले की तो लागतो, बंद झाले की उतरतो. एखाद्या इमानी गुमास्त्याने अनेक वर्षे सेवा केल्यावर मालक त्यास त्याच नावाने स्वतंत्र दुकान काढू देई. त्या रिवाजाचे नाव ‘पडदा वाटून देणे’. आजच्या जपानी ताळेबंदातही व्यवसायाच्या नावलौकिकाची किंमत ज्या सदरात दाखवितात, त्याचे नाव ‘नोरेन’ हेच आहे.

हा पडदा राखण्यासाठी जपानी व्यापाऱ्याने रक्ताच्या नात्याचा फारसा हट्ट धरला नाही. मुलगा नसेल अथवा असून अंगी गुण नसेल, तर कर्तबगार जावयास दत्तक घेऊन आपले आडनाव द्यावे, ही तेथील जुनी रीत. आपल्याकडे ‘घरजावई’ शब्दास असलेली टोचणी तेथे फारशी नाही. आजही जपानमधील दत्तकविधानांत मुलांपेक्षा प्रौढांचीच संख्या मोठी आहे. ओसामू सुझुकी हे मूळचे मात्सुदा घराण्यातील, बँकेत नोकरी करणारे. सुझुकी कंपनीच्या संस्थापकांच्या नातीशी विवाह करून त्यांनी ते आडनाव घेतले. १९८२ साली मारुतीशी करार झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत.

परंतु आता जावईच मिळेनासे झाले आहेत. २००८ च्या सुमारास १२ कोटी ८० लाखांवर असलेली लोकसंख्या १२ कोटी ४० लाखांच्या आसपास उतरली आहे. २०२४ साली जपानी नागरिकांची सात लाखही बालके जन्मली नाहीत. दर शंभरांत एकोणतीस माणसे पासष्टी ओलांडलेली. सरकारी अंदाज असा होता, की २०२५ पर्यंत सत्तरीपलीकडे गेलेल्या छोट्या-मध्यम उद्योगांच्या मालकांपैकी सुमारे १२ लाख ७० हजारांचा वारस ठरलेला नसेल. यांतील पुष्कळ पेढ्या तोट्यात नाहीत. गिऱ्हाईक आहे, देणे नाही, गल्ल्यावर बसावयास मात्र कोणी नाही. मुले टोकियोत नोकरीस गेली, ती परतत नाहीत.

यावर उपाय म्हणून सरकारने सर्व ४७ प्रांतांत वारस शोधून देणारी केंद्रे उघडली आहेत. मालक तेथे नाव नोंदवितो. व्यवसाय करू इच्छिणारा कोणी परका तरुण येतो, आणि जमल्यास दोघांची गाठ घालून दिली जाते. हिशेब तपासले जातात, किंमत ठरते, करार होतो. मग वृद्ध मालक काही काळ दुकानात राहून नव्या माणसास माल पारखावयास शिकवितो. दारावरचा पडदा बहुधा तोच राहतो.