अण्णांच्या सहीचं ऋण

माझ्या आयुष्यावर ज्यांचे उपकार आहेत, त्यांत आईवडिलांनंतर मी अण्णांचं नाव घेते. नात्याने ते आमचे कोणी नव्हते. चिकलठाण्यातले एक छोटे बांधकाम ठेकेदार. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत टेप, ओळंबा आणि ठेकेदारांच्या संघटनेचं पावतीपुस्तक कायम असायचं. माझे वडील त्यांच्याकडे सेंट्रिंगचं काम करायचे, आई त्याच साइटवर घमेली वाहायची. जालना जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतीवर घर भागेना, म्हणून आम्ही इकडे आलो होतो.

बाहेरच्या माणसाला चिकलठाणा म्हटलं की विमानतळ आणि एमआयडीसी आठवते. आम्ही पाहिलं ते जालना रोडच्या दोन्ही अंगांनी वाढत जाणारं चिकलठाणा. शेतांचे प्लॉट झाले, 2010 मध्ये प्रोझोन मॉल सुरू झाला, पुढे मिनी घाटी रुग्णालय आलं, सुखना नदीच्या आसपासपर्यंत वसाहती सरकल्या. कामं वाढली तसे छोटे ठेकेदारही वाढले. कालचा गवंडी आज चार माणसं हाताशी धरून ठेका घेऊ लागला. काम त्याला उत्तम यायचं. पण करारनामा वाचता येत नसे, बिल अडकलं तर कुठे जायचं ते ठाऊक नसे. या माणसांना संघटनेत आणायचं, हा अण्णांचा ध्यास होता.

माझ्या दहावीनंतर घरात पेच पडला. मला तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकायचं होतं आणि पैशांची सोय नव्हती. अण्णांनी वडिलांना विचारलं, “मंडळात नोंदणी केली का?” वडिलांना मंडळ म्हणजे गणेश मंडळ वाटलं. मग अण्णांनी ओट्यावर बसून सगळं समजावलं. 1996 मध्ये बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, 2007 मध्ये महाराष्ट्राने नियम केले. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळामार्फत त्यांच्या कल्याणाला लावायचा. मंडळात नोंदणीसाठी वय 18 ते 60 च्या दरम्यान असावं आणि मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला असावा, एवढीच मुख्य अट. “म्हणजे तुमच्या लेकराच्या शिक्षणाचा पैसा जमा झालेला आहे,” अण्णा म्हणाले, “अडतोय तो फक्त माझ्या सहीपाशी.” त्यांनी हजेरीचं मस्टर काढलं, वडिलांचे दिवस मोजले आणि सही केली. पुढे आईचाही दाखला त्यांनीच दिला.

त्या सहीतून मला दरवर्षी शिक्षणाची मदत मिळत गेली. मंडळाच्या योजनेत नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पदविकेसाठी वर्षाला 20,000, अभियांत्रिकी पदवीसाठी 60,000, वैद्यकीय शिक्षणासाठी 1 लाख रुपयांची तरतूद झाली. कामावर मृत्यू आला तर वारसाला 5 लाख. मजुराच्या घरात हे आकडे काय उलथापालथ करतात, ते मी आमच्या पत्र्याच्या खोलीत राहून पाहिलं आहे.

सुट्टीत मी अण्णांबरोबर फॉर्म भरायला जाऊ लागले. सभासद मिळवण्याची त्यांची रीत मला तिथे कळली. ते स्लॅबचा दिवस धरून साइटवर जात. त्या दिवशी ठेकेदार, सेंट्रिंगवाले, फिटर, इलेक्ट्रिशियन, मिक्सरवाले सगळे एका जागी असतात आणि स्लॅब पुरा होईपर्यंत कोणी हलत नाही. जेवणाच्या पंगतीला अण्णा शेजारी बसत. वर्गणीचा विषय काढत नसत. आधी विचारत, “कुणाचं बिल किती दिवसांपासून अडलंय?” मग बोलणं आपोआप सुरू होई.

“संघटनेत येऊन आम्हाला काय भेटतं?” हा प्रश्न हमखास यायचा. अण्णा त्यांना 1941 ची गोष्ट सांगत. पुण्यात लष्कराची कामं करणारे ठेकेदार एकत्र आले आणि त्यातून बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. “महायुद्ध पेटलेलं, समोर इंग्रजांचं लष्कर. तरी ते एक झाले. आपल्याला तर कार्यालयात जाऊन नीट चार शब्द बोलायचेत. एकटा गेलास तर दारातला शिपाई उद्या ये म्हणेल. दहा जण गेलो तर साहेब खुर्ची देतील.” 2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हा हे म्हणणं अनेकांना पटलं. नोंदणी कशी करायची, जुन्या करारावर कर कोणी सोसायचा, विवरणपत्र कोण भरणार, या प्रश्नांनी छोटे ठेकेदार हवालदिल झाले होते. अण्णांनी सीएंना बोलावून रात्री बैठका घेतल्या. एरवी संघटनेकडे पाठ फिरवणारेही त्या बैठकांना वह्या घेऊन आले.

मात्र पावती फाडण्यापूर्वी अण्णा एक गोष्ट मागत: मजुरांचं मस्टर दाखव. ज्याच्याकडे हजेरी लिहिलेली नसेल त्याला ते आधी वही घालून देत. या हट्टामुळे काही जण दुरावले. ‘मजुराचा पुळका असेल तर युनियन काढा’ असंही ऐकावं लागलं. अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. लोक बांधकामवाल्यांवर विश्वास ठेवत नाहीत; तो फलक लावून मिळणार नाही, आपल्या पायाडावरचा माणूस आपल्याबद्दल घरी काय सांगतो त्यावर मिळेल. म्हणून आठवडी बाजारात त्यांचं टेबल लागे ते मजुरांच्या माहितीसाठी. 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, ते साइटवर हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट कसा वापरायचा ते स्वतः चढून दाखवत. नेत्रतपासणीच्या शिबिरात रांगेत पहिला मान बिगारी बायकांचा असे.

त्यांच्या सहीला दुसरी बाजूही होती. दाखल्यांचा बाजार मांडणारे दलाल तेव्हा फिरू लागले होते. पैसे घ्या आणि कोऱ्या दाखल्यावर सही द्या, असं सांगायला ते अण्णांकडेही आले. ज्याने विटेला हात लावला नाही त्याच्यासाठी अण्णांनी कधी सही केली नाही. एका ओळखीच्या माणसाने गळ घातली, तेव्हा ते म्हणाले, “खोट्याला सही दिली तर उद्या खऱ्याची सहीसुद्धा कोणी मानणार नाही.” उपकराचा पैसा पडून राहतो आणि कामगारापर्यंत पोचत नाही, यावर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना खडसावलं. त्या निकालाची बातमी मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुकुंदवाडीच्या मजूर नाक्यावर फॉर्म घेऊन गेले.

अण्णा आता नाहीत. त्यांनी जोडलेले कित्येक ठेकेदार आज मोठी कामं करतात. मीही आता साइट सांभाळते, आणि हजेरीचं मस्टर रोज संध्याकाळी स्वतः तपासते. अण्णांचं ऋण पैशाने फिटणारं नाही. ते एकाच मार्गाने थोडंफार उतरतं. ज्याने खरोखर 90 दिवस काम केलं, त्याला विनासायास, विनामोबदला दाखला देणं. मी तो देते, आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येक उपठेकेदाराकडून देववते.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढंच सांगणं आहे. संघटनेचे सभासद जरूर व्हा, इतरांनाही करा. पण या शनिवारी पगार वाटताना समोरच्या माणसाला विचारा, “तुझी नोंदणी झाली का?” नसेल झाली, तर मस्टर काढा आणि सही करा. त्याच्या घरीही शिकू पाहणारं एखादं लेकरू असेल.