पुण्याच्या पोरीची आई

लेकीचं कौतुक चारचौघांत करू नये, दृष्ट लागते, असं माझी आई म्हणते. म्हणते, आणि गल्लीत जो भेटेल त्याला नातीचं कौतुक सांगत सुटते. तेव्हा आज मीही संकोच बाजूला ठेवते.

2018 चा उन्हाळा. लेकीची सातवीची परीक्षा संपली आणि आम्ही दोघी पुण्याहून माझ्या माहेरी, माण तालुक्यात गेलो. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला आमचा माणदेश, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. इथे पाचशे मिलिमीटर पडला तरी माणसं देवाला नारळ फोडतात. एरवी मे महिन्यात गावात बोलायला विषय एकच, टँकर कधी येणार. त्या वर्षी मात्र पारावर, गिरणीत, एसटीच्या थांब्यावर चर, बांध आणि घनमीटर चाललेलं. पाणी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवण्याची स्पर्धा लागली होती. 8 एप्रिल ते 22 मे, राज्यातले 75 तालुके. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं 2016 मध्ये, स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी, पहिला नंबर काढला होता. वेळूला जमतं तर आपल्याला का नाही, असा चेव आमच्या गावाला चढला होता.

पण आईच्या घरात आधी कुरडया, मग डोंगर. गहू तीन दिवस भिजत घातलेले, रोज पाणी बदलायचं, ते ओतलेलं पाणी आणि गाळून उरलेला चोथा गुरांना. टंचाईच्या गावात कुरडया करणं ही चैनच, पण आईचा हिशेब असा की पाणी दोनदा कामाला आलं म्हणजे वाया गेलं नाही. चीक रात्रभर निवळला की पहाटे चुलीवर पातेलं चढायचं, आणि गल्लीतल्या बायका आपापले सोऱ्ये घेऊन हजर. आज आमच्याकडे, उद्या शेजारी. सावडीचं काम, मजुरीचा प्रश्न नाही. लेक गरम चिकावर साखर घालून खायची आणि खाटेवरच्या कापडावर वाकड्यातिकड्या कुरडया घालायची. एकीनं विचारलं, "ही जिलबी हाय का गं?" तिनं शांतपणे सांगितलं, "तळल्यावर सारखीच फुगेल ना, काकू." बायका हसल्या. त्या क्षणापासून ती त्यांच्यातली झाली.

याच बायका उन्हं कलली की टिकाव, खोरी, घमेली घेऊन डोंगराकडे निघायच्या. सकाळी सावड वाळवणाची, संध्याकाळी मातीची. शहरात श्रमदानाविषयी फार गहिवरून बोलतात. इथे तसलं काही नव्हतं. कुणाची सून कामचुकार, कुणाच्या घमेल्याला भोक, यावर गप्पा मारत बायका ओळ धरायच्या आणि घमेली हातोहात पुढे सरकायची. मी त्या ओळीत उभी राहिले. लेक मात्र वरच्या अंगाला, प्रशिक्षण घेऊन आलेल्या पोरांच्या मागे गेली.

तिथे तिला हायड्रोमार्कर सापडला. मापाच्या खुणा केलेल्या दोन काठ्या, मध्ये पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर आलं की दोन्ही जागा एका उंचीवर. तिथे फक्कीची खूण करायची, मागची काठी पुढे न्यायची. अशा खुणा जोडत गेलं की डोंगराच्या कमरेवर पांढरी रेघ उमटते. त्या रेघेवर खणलेला चर म्हणजे समतल चर. रेघ चुकली तर पाणी चरातून एका अंगाला पळतं, बरोबर आली तर जिथल्या तिथे थांबून मुरतं. काम माथ्यापासून पायथ्याकडे यायचं, कारण धावायला लागण्याआधीच पाणी अडवलेलं बरं.

एका संध्याकाळी रेघ काही केल्या जुळेना. पोरं काठ्या हलवून थकली. खाली फक्कीची पाटी घेऊन बसलेली माझी लेक म्हणाली, "दादा, नळीत बुडबुडा आहे." खरंच होता, हरभऱ्याएवढा. हवा अडकली की पाणी खोटं बोलतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती नुसती बघत बसली होती. दुसऱ्या दिवसापासून एक काठी तिच्या हातात. गणितात पासष्टच्या वर न जाणारी ही पोर मिलिमीटरवरून मोठ्या माणसांशी वाद घालायला लागली. मी खालून घमेलं पुढे करताना मान वर करून बघायची, म्हणून माझ्यापाशी ओळ अडायची आणि बोलणी खावी लागायची.

माहेरी बाई कायम कुणाची तरी लेक असते. चाळिशी आली तरी मला गावात वडिलांच्या नावानंच ओळखायचे. त्या उन्हाळ्यात दुकानात रवा घ्यायला गेले, तर बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तू त्या पाणीवाल्या पुण्याच्या पोरीची आई न्हवं?" बारावीच्या निकालालाही मी एवढी फुगले नव्हते.

1 मेला महाश्रमदान होतं. शहरांतून माणसं आली, त्यांत आमचे हेही. टिकावासोबत फोटो पहिल्या दहा मिनिटांत झाले, हाताला फोड पुढच्या दहा मिनिटांत. लेकीनं बापाला खणण्यावरून काढून दगड वेचायला लावलं. पुढे 16 मेला अधिक महिना लागला आणि जावयाला पुन्हा बोलावणं गेलं. आईनं तेहेतीस अनारसे ताटात दिले आणि चहा झाल्यावर घमेलंही दिलं. स्पर्धा संपायला अजून आठवडा होता, मानपानाला तेवढाच वेळ.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. राज्यात पहिलं आलं आमच्याच तालुक्यातलं टाकेवाडी. आमच्या गावाला काही मिळालं नाही. पाऊसही त्या वर्षी रुसला. 2019 मध्ये म्हसवडला चारा छावणी लागली. चर खणले म्हणून ढग येत नाहीत, आलेलं पाणी तेवढं थांबतं. लेकीला हे मी समजावायला गेले, तर ती म्हणाली, "आम्ही पाऊस पाडायला गेलो होतो का?"

स्पर्धेनंतरच्या जूनमध्ये पहिली सर झाली, त्या रात्री आईचा फोन आला होता. नेहमीप्रमाणे मी पावसाची, गुडघ्यांची, म्हशीची चौकशी सुरू केली. "ते ऱ्हाऊ दे," आई म्हणाली, "आधी पोरीला दे फोन. वरच्या चरात किती बोटं पाणी साचलंय ते तिला सांगायचंय. तुला काय कळतंय त्यातलं!"