गुडघे गेले, हात राहिला

२७ जानेवारी २०२४. मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरीनामध्ये पहिल्या सेटचा टायब्रेकर ७-० असा एकतर्फी सुटला, दुसरा सेट ७-५ असा रेटून नेला, आणि रोहन बोपण्णा व मॅथ्यू एब्डन ऑस्ट्रेलियन ओपनचे दुहेरीतले विजेते झाले. समोर सिमोने बोलेल्ली आणि आंद्रेआ वावासोरी ही इटालियन जोडी होती. बोपण्णाला चव्वेचाळिसावं वर्ष पुरं व्हायला महिना-सव्वा महिना उरला होता. खुल्या युगात एवढ्या वयात पुरुष दुहेरीचं ग्रँड स्लॅम कुणीच जिंकलेलं नव्हतं. आधीचा विक्रम जाँ-ज्युलियन रोयरचा, तो चाळिसाव्या वर्षीचा. त्यानंतर दोनच दिवसांनी जागतिक क्रमवारीत दुहेरीतला पहिला क्रमांकही त्याच्या नावावर लागला. लिअँडर पेस, महेश भूपती आणि सानिया मिर्झा यांच्यानंतरचा हा चौथा भारतीय.

मग कौतुकाचा पूर आला आणि त्यात एक वाक्य हटकून वाहत आलं: वय म्हणजे नुसता आकडा. ऐकायला छान आहे. पण चाळिशी उलटल्यावर रविवारी सकाळी क्लबवर दोन सेट खेळून सोमवारी जिना उतरलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, आकडा कुठे बसतो ते तो बोट ठेवून दाखवेल. बोपण्णाने वयाला धुडकावून वगैरे लावलं नाही. वयाने काय काय नेलं आणि काय ठेवलं याचा त्याने चोख हिशेब मांडला आणि जे उरलं होतं तेवढ्यावर धंदा चालवला. तो धंदा म्हणजे दुहेरी.

एकेरीत तो कुठवर पोचला? २००३ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि २००७ मध्ये २१३ व्या क्रमांकापर्यंत गेला. त्याहून वर कधीच नाही. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जण असतात आणि त्यातले १०४ थेट मानांकनावर आत येतात. म्हणजे २१३ वाला दारात उभा. आधी पात्रता फेरी खेळायची, नाहीतर चॅलेंजर स्पर्धांच्या गावोगावच्या वाऱ्या करायच्या, तिकिटाचे पैसे स्वतःचे, आणि पहिल्या फेरीत हरलं तर हॉटेलचं बिलही जेमतेम सुटायचं. तरी खेळाडू म्हणून तो लेचापेचा नव्हता. सप्टेंबर २०१० मध्ये चेन्नईला ब्राझीलविरुद्धच्या डेव्हिस कप लढतीत भारत ०-२ असा मागे होता. ती लढत २-२ वर आली आणि पाचव्या, निर्णायक एकेरीत बोपण्णाने रिकार्दो मेलोला सरळ तीन सेटमध्ये झोडपलं. सर्व्हिस लागली की तो कुणालाही भारी पडायचा. ती लागली नाही की मात्र मागे बेसलाइनवर पळापळ आली, आणि पळणं हा त्याचा प्रांत कधीच नव्हता.

सर्व्हिस आली कुर्गमधून. वडिलांचा कॉफीचा मळा. जवळपास जिम नव्हती, म्हणून खांद्यात ताकद यावी यासाठी पोरगा लाकडं फोडायचा आणि दम वाढवायला मळ्यातून धावायचा. निवृत्तीच्या निवेदनातही त्याने या दोन्ही गोष्टी आवर्जून सांगितल्या. घडण मात्र पुण्यातली, नंदन बाळ यांच्या अकादमीतली. पुढे बालेवाडीच्या महाराष्ट्र ओपनमध्ये त्याने दोनदा दुहेरी जिंकली, २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर. म्हणजे पुण्याच्या खात्यातही थोडं जमा आहे.

आता कोर्टकडे वळू. एकेरीच्या कोर्टची रुंदी २७ फूट, दुहेरीची ३६. दोघांत वाटली की माणशी १८. पाय ओढायला लागलेल्या खेळाडूला नऊ फुटांची ही सूट म्हणजे केवढी मोठी गोष्ट! पण सूट फुकट मिळत नाही. जागा कमी झाली तसा वेळही कमी होतो, कारण समोर नेटवर एकजण टपून बसलेला असतो. एकेरीत रिटर्न थोडा उंच आणि खोल मारला तरी चालतं. उलट तो शहाणपणाचा फटका मानतात. दुहेरीत तसाच मारला तर नेटवरचा गडी तो तुमच्या पायाशी आपटणार. तिथे रिटर्न नेटला घासून जायला हवा, तिरका हवा आणि सर्व्हिस करून पुढे येणाऱ्याच्या बुटापाशी पडायला हवा. बहुतेक गुण चार-पाच फटक्यांत निकालात निघतात: सर्व्हिस, रिटर्न, पहिली व्हॉली, आणि फार तर तिच्यावरचं उत्तर.

ही पहिली व्हॉली जवळून पाहण्यासारखी असते. सर्व्हिस करून खेळाडू दोन-तीन पावलं पुढे आलेला, अजून नेटपाशी पोचलेला नाही, आणि चेंडू बुटांच्या दिशेने खाली वळतोय. तिथे रॅकेट मागे न्यायला वेळच नसतो. मूठ सैल, मनगट पक्कं, गुडघे वाकवून रॅकेटचं तोंड चेंडूखाली नुसतं धरायचं. मारायचं म्हणून काही नाही. मूठ आवळली की चेंडू टणकन उडून समोरच्याच्या खांद्याच्या उंचीला जातो आणि गुण संपतो. हा हात वर्षानुवर्षं मुरत जातो आणि पायांइतक्या लवकर म्हातारा होत नाही. पस्तिशी-चाळिशीतले दुहेरीवाले दौऱ्यावर टिकून असतात याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं सर्व्हिसआधीच्या चार-दोन सेकंदांत सापडतं. टीव्हीवर दिसतं की नेटवरचा जोडीदार पाठीमागे हात नेऊन बोटांनी काहीतरी खुणावतोय. मूठ, उघडा पंजा, एक बोट: प्रत्येक जोडीची भाषा वेगळी. ठरतं एवढंच, की सर्व्हिस कुठे पडणार आणि तो स्वतः जागचा हलून आडवा जाणार की तिथेच राहणार. ‘आय’ फॉर्मेशनमध्ये तर तो कोर्टच्या मधोमध, नेटजवळ, जवळजवळ उकिडवा बसतो. सर्व्हिस डोक्यावरून जाते आणि मग तो डावीकडे किंवा उजवीकडे उसळतो. रिटर्न करणाऱ्याला तोवर त्याची दिशा कळत नाही. बोपण्णासारखी जड सर्व्हिस मागून येत असेल तर समोरचा आधीच अर्धा घाबरलेला असतो, आणि त्यात हा दबा धरून बसलेला. एब्डनसारखा चपळ माणूस अशा वेळी किती गुण फुकटात उचलतो ते मोजलं तर सर्व्हिस कुणाची म्हणायची असा प्रश्न पडेल.

त्यात नियमांचीही साथ मिळाली. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसचा कारभार पाहणाऱ्या एटीपीने २००६ पासून दौऱ्यावरच्या दुहेरीचे नियम बदलले. ४०-४० झालं की एकच गुण, आणि ती सर्व्हिस दोघांपैकी कुणी परतवायची हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. सेट १-१ झाले की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेकर. जुन्या लोकांनी नाकं मुरडली. यात नशिबाचा वाटा वाढतो ही त्यांची तक्रार खोटीही नव्हती. पण सामने आटोपशीर झाले, आणि त्याचा फायदा कुणाला झाला हे सांगायला नको.

दुहेरीच्या धंद्यातली खरी कटकट मात्र कोर्टच्या बाहेर आहे: जोडीदार. दोघांची मानांकनं मिळून प्रवेश ठरतो. त्यामुळे तुमचं मानांकन घसरलं की चांगला जोडीदार फोन उचलेनासा होतो, आणि चांगला जोडीदार नसला की मानांकन आणखी घसरतं. बोपण्णाची कारकीर्द जोडीदारांच्या नावांनीच सांगता येते. पाकिस्तानचा ऐसाम-उल-हक कुरेशी, ज्याच्याबरोबर तो २०१० मध्ये अमेरिकन ओपनची अंतिम फेरी खेळला आणि ब्रायन बंधूंकडून दोन टायब्रेकरमध्ये हरला. मग भूपती; त्याच्याबरोबर २०१२ मध्ये पॅरिस मास्टर्स जिंकली. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या संघनिवडीवरून, म्हणजे कुणी कुणाबरोबर खेळायचं यावरून, जे रामायण झालं त्याची आठवण न काढलेलीच बरी. पुढे फ्लोरिन मेर्जा, पाब्लो क्वेवास, स्वतःहून एकोणीस वर्षांनी लहान असलेला डेनिस शापोवालोव्ह, मातवे मिडेलकूप. मधेच २०१७ मध्ये कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी, तीही अंतिम सामन्यात मॅच पॉइंट वाचवून. ते त्याचं पहिलं ग्रँड स्लॅम. वय ३७.

एवढ्या जोडीदारांशी जुळवून घ्यायचं म्हणजे दर वेळी नवा हात समजून घ्यायचा. याला डोक्यावरचा चेंडू आवडतो, त्याला नाही. हा चुकला की गप्प होतो, तो चुकला की जास्तच आडवा जायला लागतो. चिडणाऱ्याला कधी टाळी द्यायची आणि कधी नुसतं पाणी प्यायला पाठवायचं, हे कुणी शिकवत नाही.

दरम्यान गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती. दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या घेऊन तो खेळत होता, हे त्याने स्वतःच सांगितलंय. कोविडच्या काळात त्याने अय्यंगार योग सुरू केला. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात राहून घडवलेली ही पद्धत, दोर, पट्टे, खुर्च्या, लोड यांच्या आधाराने एकेका आसनात बराच वेळ थांबायला लावणारी. खेळाडूला हे बघून पहिल्यांदा हसूच येईल. तो उड्या मारायला शिकलेला असतो. पण सांध्यावर भार न टाकता त्याच्या भोवतीचे स्नायू बळकट करायचे तर दुसरं काय करणार? पळण्याचा सराव त्याने कमी केला. कोर्टवरचे तासही बेताचे ठेवले. गोळ्या सुटल्या.

तरी २०२१ ची सुरुवात भयंकर होती. हार, पुन्हा हार. मेलबर्नच्या त्या रात्री चषक हातात घेऊन त्याने सांगितलं की पाच महिने एकही सामना जिंकला नव्हता, आणि आता बस्स, थांबतो, असा व्हिडिओ त्याने बायकोला पाठवला होता. त्या काळात तो थांबला असता तर मागे एक चांगला, प्रामाणिक, जरा कमनशिबी दुहेरीवाला म्हणून चार ओळी राहिल्या असत्या. थांबला नाही. २०२२ मध्ये मिडेलकूपबरोबर फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी झाली, आणि २०२३ च्या आरंभी एब्डन भेटला.

एब्डन जगातल्या उत्तम रिटर्न करणाऱ्यांपैकी. विम्बल्डनची दुहेरी आधीच जिंकलेला, आणि बोपण्णा जिथे पळत नाही तिथे पळणारा. त्याच मार्चमध्ये इंडियन वेल्स जिंकून बोपण्णा मास्टर्स १००० दर्जाच्या स्पर्धेचा सर्वांत वयस्क विजेता झाला. सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपनची अंतिम फेरी, राजीव राम आणि जो सॅलिसबरी यांच्याविरुद्ध. पहिला सेट यांचा, दुसरा त्यांचा, तिसऱ्यात रस्सीखेच. तिथे एका गुणात चेंडू बोपण्णाच्या हाताला निसटता लागून गेला. पंचांना ते दिसलं नव्हतं. त्याने स्वतःच सांगितलं आणि गुण देऊन टाकला. सेट गेला, चषक गेला. पुरुष दुहेरीत तेरा वर्षांनी मिळालेली ग्रँड स्लॅमची दुसरी अंतिम फेरी होती ती. त्यानंतर काही आठवड्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. पहिला सेट २-६ असा हरल्यावर.

मेलबर्नच्या विजयाचे पैसे? जोडीला मिळून ७ लाख ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. एकेरीच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार, एकट्याला. दुहेरीला खेळाच्या बाजारात काय भाव आहे तो या दोन आकड्यांत आहे, आणि तो अन्यायाचा आहे असं म्हणताना हेही मान्य करायला हवं की तिकिटं एकेरीच्या नावावर विकली जातात.

अमेरिकन ओपनने २०२५ मध्ये तर मिश्र दुहेरीचा वेगळाच प्रयोग केला. मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवसांचा सोहळा, सोळा जोड्या, बहुतेक एकेरीतली बडी नावं, अंतिम सामना वगळता चार-चार गेमचे छोटे सेट, बक्षीस दहा लाख डॉलर. गतविजेते सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी यांना वाइल्ड कार्ड देऊन आत घेतलं. हा वावासोरी म्हणजे मेलबर्नमध्ये बोपण्णाकडून हरलेला तोच. अंतिम सामन्यात समोर इगा स्विआंतेक आणि कॅस्पर रूड. सुपर टायब्रेकर झाला आणि तो एरानी-वावासोरीने १०-६ असा घेतला. दुहेरी म्हणजे दोन चांगले एकेरीवाले शेजारी उभे केले की झालं, ही समजूत त्यानंतरही जाईल असं नाही. पण तिच्या बाजूने बोलणाऱ्यांची पंचाईत झाली हे खरं.

बोपण्णाचा शेवटचा सामना त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस पॅरिसमध्ये झाला. जोडीला अलेक्झांडर बुब्लिक, म्हणजे एकेरीवाला. सुपर टायब्रेकर ८-१० असा निसटला. १ नोव्हेंबर २०२५ ला त्याने निवृत्ती जाहीर केली.

त्याच्या आधी दोन महिने न्यूयॉर्कमध्ये युकी भांबरी न्यूझीलंडच्या मायकेल व्हीनसबरोबर अमेरिकन ओपनच्या दुहेरीत उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. हा २००९ चा ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनिअर विजेता. एकेरीत ८३ व्या क्रमांकापर्यंत पोचलेला, म्हणजे बोपण्णाच्या कितीतरी पुढे, आणि मग गुडघ्याच्या दुखापतीने दोन-अडीच वर्षं घरी बसवलेला. परतल्यावर त्याने हळूहळू एकेरी सोडली आणि दुहेरीत जोडीदार शोधायला लागला. ग्रँड स्लॅमची ही त्याची पहिलीच उपांत्य फेरी, वय ३३. एकेरीवाल्याच्या मानाने उशीर झाला म्हणतील. बोपण्णा त्याच वयात फ्लोरिन मेर्जा भेटण्याच्या अलीकडे होता, आणि मेलबर्नला अजून दहा वर्षं बाकी होती.